तीन नंबर मशीनचे आठ अंश

कर्णिकसरांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, आणि भांडण मी उकरून काढलं होतं. षष्ट्यब्दीच्या गौरवग्रंथातला लेख असा सुरू झालेला संपादक मंडळींना रुचेल की नाही, ठाऊक नाही. पण ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांनी आम्हाला एकच शिकवलं, की जे आहे ते लिहा. तेव्हा माझा नाइलाज आहे.

सत्याऐंशी सालच्या सुमाराची गोष्ट. मी पडघ्याजवळच्या एका सायझिंगमध्ये वायरमन होतो. सायझिंग म्हणजे लूमवर जाण्याआधी सुताला खळ लावतात तो कारखाना. तिथल्या खळीच्या टाकीचं तापमान दाखवणारा मीटर जास्त दाखवायला लागला. मॅनेजर म्हणाले, "भिवंडीत कर्णिकांकडे घेऊन जा." मी मीटर टॉवेलात गुंडाळला, मांडीवर घेतला आणि धामणकर नाक्यावर उतरलो. खाली चहाचं दुकान, शेजारी धडधडणारे लूम, आणि अरुंद जिना चढून गेलं की एक खोली. दारावर पाटीसुद्धा नव्हती. आत पन्नाशीचे एक गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून एका मीटरच्या पोटात डोकावत बसले होते.

"काय होतंय याला?" त्यांनी विचारलं.

"जास्त दाखवतो."

"टाकीपासून मीटरपर्यंत वायर किती लांब आहे?"

"वायर चांगली आहे. मीटर बिघडलाय."

"चांगली आहे का, ते नाही विचारलं. लांब किती आहे?"

आता मी पडलो खारबावचा भोईर. तोंडाला कधी झाकण नव्हतंच. म्हटलं, "तुम्ही मीटर दुरुस्त करता का वायर विकता?"

दुसरा कोणी असता तर मला जिन्यावरून खाली धाडला असता. सरांनी खिडकीतून खाली दोन चहा सांगितले. मग बर्फातल्या सेन्सरची नक्कल करणारा एक छोटासा तुकडा मीटरला जोडला. मीटरने शून्य दाखवलं. मग तोच तुकडा पुन्हा जोडला, पण मध्ये कोपऱ्यातलं वायरचं भेंडोळं टाकून. मीटरने नऊ दाखवलं.

"आता सांगा," सर म्हणाले, "मीटर बिघडलाय का?"

मी भेंडोळ्याकडे बघितलं, मीटरकडे बघितलं. मग चहा प्यायलो.

त्या दिवशी त्यांनी मला जे समजावलं ते मी आजही नव्या पोरांना त्यांच्याच शब्दांत सांगतो. टाकीत जो सेन्सर बुडवलेला असतो त्याच्या आत एक बारीक तार असते. तार तापली की तिचा विरोध वाढतो. बर्फात शंभर ओहम, उकळत्या पाण्यात साधारण एकशे साडेअडतीस. मीटर बिचारा फक्त तो विरोध मोजतो आणि आपल्याला अंशांत सांगतो. पण सेन्सरपासून मीटरपर्यंत जी लांब वायर येते तिलाही स्वतःचा विरोध असतो, आणि मीटर तोही त्यातच धरतो. "वाण्याकडे तेल आणायला गेलात," सर म्हणाले, "तर तो आधी तुमच्या रिकाम्या भांड्याचा धडा करतो, त्याचं वजन बाजूला काढतो, की नाही? मग तेल ओततो. तुमच्या मॅनेजरसाहेबांनी भांड्यासकट तेल मोजलंय. तिसरी वायर ओढा. ती तिसरी वायर म्हणजे भांड्याचा धडा. तिच्यावरून मीटर वायरचा विरोध मोजतो आणि वजा करतो."

मीटरला हातही न लावता त्यांनी तो परत दिला. सोबत एक चिठ्ठी: 'मीटर उत्तम आहे. दोनाच्या जागी तीन तारा घालाव्यात.' दुरुस्तीचं म्हणून एक पैसा घेतला नाही. म्हणाले, "दुरुस्ती कुठे केली मी?"

त्यानंतर भिवंडीची सुट्टी शुक्रवारची, म्हणून दर शुक्रवारी मी त्या खोलीत जाऊ लागलो. कोणी बोलावलं नव्हतं, मीच घुसलो. सर शाळेत किंवा कॉलेजात शिकवत नव्हते, तरी आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो त्याचं कारण हे शुक्रवार. माझं इंग्रजी म्हणजे आनंदीआनंद. यंत्राबरोबर आलेलं पुस्तक मी फक्त चित्रांसाठी उघडायचो. सरांनी मला दोनशे पानी वही घ्यायला लावली. डावीकडे इंग्रजी वाक्य, उजवीकडे माझ्या भाषेत त्याचा अर्थ. "पाठ करू नकोस, तुझ्या आईला समजेल असं लिही," असं बजावायचे. मी ते शब्दशः घेतलं आणि एकदा अख्खं पान आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "समाजलं रं मना. पन ह्या सगल्याचा करायचा काय, ते काय त्यात लिवलेलं न्हाय." हे सरांना सांगितलं तर ते इतके हसले की चष्मा कपाळावरून नाकावर आला. मग गंभीर होऊन म्हणाले, "आई बरोबर बोलल्या. पुढच्या पानापासून तेही लिहायचं."

सरांच्या पत्नींचा, आमच्या वहिनींचा, उल्लेख इथे केला नाही तर माझ्या पोटातलं अन्न मला शिव्या देईल. शुक्रवारी शिकून झालं की घरी जेवायला न्यायचं, हा सरांचा नियम. वहिनींच्या हातचं वालाचं बिरडं मी किती खाल्लं असेल त्याला गणती नाही. आमच्याकडे मासळीशिवाय जेवण गोड लागत नाही, पण त्या बिरड्यापुढे मी मासळीचं नाव काढलं नाही. माझ्या बहिणीच्या लग्नाला दोघं खारबाव स्टेशनवर उतरून उन्हातून चालत आले. सरांना पाहुणा म्हणून बसवलं, तर पाच मिनिटांत पाहुणे गायब! शोधतो तर मांडवामागे उभे राहून लाइटवाल्याची उघडी वायर टेपने गुंडाळतायत. आईने मला दहा वेळा विचारलं, "तुजा सर जेवला का न्हाय? हाय कुठं त्यो?" शेवटी तिनेच त्यांना हाताला धरून पंगतीत आणून बसवलं.

भिवंडीतल्या एका डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात, मला इलेक्ट्रिशियनची नोकरी लागली तीही सरांच्या शब्दावर. शेठ त्यांना मानत. कारखान्याच्या सुरुवातीच्या काळात तिथले मीटर सरांनीच बसवले होते. आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो याच कारखान्यातला. तो लिहू का, असं मी सरांना आधी विचारलं. काय म्हणाले ते शेवटी सांगतो.

आमच्याकडे चार मशीन. टेरिलीनचं कापड, रंगाचं पाणी, आणि झाकण बंद करून वाफेने एकशे तीस अंशांपर्यंत तापवायचं. कमी पडलं तर रंग चढत नाही, जास्त झालं तर कापड कडक होतं, घड्या बसतात, रंग भलताच येतो. तीन मशीन पुढच्या शेडमध्ये होती. तीन नंबरचं मात्र मागे, बॉयलरच्या पलीकडे. सगळे मीटर पुढच्या शेडमध्ये एका पॅनेलवर. पॅनेलवाला मीटर बघून घंटा वाजवायचा आणि घंटा ऐकून मशीनवरचा माणूस वाफ बंद करायचा.

नव्या माणसाला तिथे पिण्याचं पाणी कुठे आहे हे सांगण्याआधी एक गोष्ट सांगत. ती सांगायचे रामसमुझ मास्टर. जौनपूरकडचे, कारखाना निघाला त्या दिवसापासूनचे रंगमास्टर. पांढरी मिशी, बोटांची नखं कायमची निळी. ते म्हणायचे, "देखो बेटा, तीन नंबर में आठ छोड़ के पढ़ना।" म्हणजे तीन नंबरचा मीटर आठ अंश जास्त दाखवतो, तेव्हा आठ सोडून वाचायचं. मीटरवर एकशे अडतीस दिसले की ते एकशे तीस समजायचे आणि घंटा मारायची. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, पण दिवसपाळी, रात्रपाळी, सगळ्यांच्या तोंडात होतं. मला कारण लगेच कळलं: मागच्या शेडपर्यंतची लांब वायर, आणि तीही दोनच तारांची. भांड्याचा धडा केलेला नव्हता. पण काम तर बिनबोभाट चाललं होतं. मीही आठ सोडायला शिकलो. सरांकडे कधी बोललो नाही. घरात एखादं दार जोर लावूनच बंद होतं, ते आपण पाहुण्याला सांगतो का?

मग शेठनी नवं मॉड्यूल आणलं. चार जुन्या मीटरांच्या जागी वीतभर रुंदीची एकच पेटी. चारही सेन्सरचा विरोध हीच मोजणार, चारही मशीनची तापमानं लाल आकड्यांत हीच दाखवणार. सोबत जाडजूड इंग्रजी पुस्तक. शेठ म्हणाले, "कर्णिकसाहेबांना बोलावू?" मी छाती काढून म्हटलं, "मी आहे ना!" पाच वर्षांच्या शुक्रवारांचा माज होता तो.

आणि पुस्तक मला खरोखर कळलं, हो. झाकणाखाली प्रत्येक मशीनसाठी बारीक खटके होते. सेन्सर कुठल्या जातीचा, तारा दोन की तीन, ते खटक्यांवर ठरायचं. शिवाय वाचनात अधिक-उणे करायची सोय होती. पहिलं, दुसरं आणि चौथं मशीन मी पुस्तकाप्रमाणे बसवलं. तीन नंबरला आलो तेव्हा दुपार झाली होती, आणि संध्याकाळी खारबावला माझ्या चुलत भावाची हळद होती. आगरी माणूस सख्ख्या साहेबाला नाही म्हणेल, पण हळदीला नाही म्हणणार नाही! तीन नंबरसाठी नवी वायर ओढायची म्हणजे बॉयलरच्या पत्र्यावर चढायचं, निदान एक दिवसाचं काम. मी काय केलं? खटका दोन तारांवरच ठेवला आणि मॉड्यूलला सांगितलं, उणे आठ. झालं! पेटीच आठ सोडून दाखवणार, माणसाने सोडायची गरज नाही. शेठना सांगितलं, "तीन नंबरसुद्धा आता बरोबर दाखवतो." शेठनी पाठ थोपटली. मी तीन दिवसांची रजा टाकून सुटलो.

पॅनेलवाल्याला एक शब्द सांगितला नाही. मास्टरांना सांगितला नाही. घाई होती हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे शेठनी पाठ थोपटल्यावर आणखी कोणाला काही सांगावं असं मला वाटलंच नाही.

परत आलो तेव्हा हाताची हळद उतरली नव्हती. कारखान्यात सुतकी कळा. तीन नंबरचे लागोपाठ तीन लॉट गेले होते. कापड पुठ्ठ्यासारखं कडक, रंग नमुन्यापेक्षा कितीतरी गडद. शेठ मास्टरांना सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बाकी तीन मशीन बराबर, मीटर नया, फिर तीन नंबर में ही क्यों? मास्टर, अब उमर हो गई। महीना पूरा करो और गाँव जाओ।"

मास्टर मला नळाजवळ भेटले. आपली निळी बोटं उलटीपालटी करून बघत होते. म्हणाले, "बेटा, मशीन तो तुमने सही लगाई है। मेरा हाथ ही गया होगा।"

मी पॅनेलकडे गेलो. तीन नंबर तापत होतं. लाल आकडे एकशे तीसवर आले. पॅनेलवाला शांत बसून तंबाखू मळतोय. एकशे चौतीस. मळतोय. मी ओरडणार, तेवढ्यात त्याने एकशे अडतीसला घंटा मारली आणि माझ्याकडे बघून हसून म्हणाला, "आठ छोड़ के।"

आठ पेटीने सोडले होते, आणि वर आठ यांनी सोडले. कापड खरोखरीच एकशे अडतीस अंशांवर शिजत होतं. त्या दाबात झाकण उडून कोणाचा जीव गेला नाही हे आमचं नशीब.

मी त्याच संध्याकाळी गुपचूप झाकण उघडलं आणि उणे आठ काढून टाकलं. मॉड्यूल पुन्हा जुन्या मीटरसारखं आठ जास्त दाखवायला लागलं, माणसं आठ सोडत राहिली, दुसऱ्या दिवशी लॉट झकास निघाला. म्हटलं, सुटलो! तर शेठ काय म्हणाले? "बघा, चार शब्द सुनावल्यावर मास्टरचा हात कसा सुधारला. म्हणजे आधी लक्षच नव्हतं." माझ्या लबाडीने मास्टरांच्या माथी दुसरा डाग लागला. म्हाताऱ्याने मान खाली घातली ती वर केली नाही. महिना संपायला आठवडा उरला होता.

गुरुवारी संध्याकाळी मी सरांच्या घरी गेलो आणि सगळं ओकलो. मी संपवल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तीन नंबर म्हणजे बॉयलरच्या मागचं?"

"हो."

"आणि आठ सोडायचे हे तिथे कोणी सांगितलं?"

"ते आधीपासूनच आहे, सर. सगळेच सोडतात."

सरांनी चष्मा काढला आणि नुसता हातात धरून बसले. वहिनींनी पानं वाढली. सर दोन घास खाऊन उठले. मला वाटलं, माझा राग आलाय. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "सर, काहीतरी बोला."

"उद्या सकाळी सातला कारखान्यावर," ते म्हणाले. "मॉड्यूल दोघं मिळून नीट करू. आणि परवा शेठसमोर जे सांगायचं ते तू स्वतः सांगायचं. मी शेजारी उभा राहीन. तुझ्यासाठी बोलणार नाही."

शुक्रवारी कारखाना बंद. लाइट दुपारी यायची होती. मी म्हटलं, जुन्या दोन तारा आहेतच, घरात पडलेली बारीक वायर तिसरी म्हणून ओढू. सर एकदम तडकले, "अरे, पितळेच्या भांड्यात तेल घेणार आणि पत्र्याच्या डब्याचा धडा करणार? तिन्ही तारा एका जातीच्या, एका जाडीच्या, एका लांबीच्या हव्यात. तरच वजाबाकी खरी होते." मग तीन तारांची अख्खी नवी केबल ओढली. पंचावन्न ओलांडलेला माणूस बॉयलरच्या पत्र्यावर चढला, आणि मी "सर, खाली या, सर, खाली या" करत मागे. जुनी वायर मोटरच्या वायरींबरोबर एकाच नळीतून गेली होती, म्हणून पंप सुरू झाला की आकडे थरथरायचे. नवी केबल सरांनी वेगळ्या वाटेने नेली. गंज चढलेले स्क्रू टाकून नवे लावले.

लाइट आल्यावर तीन तारांचा खटका टाकला, उणे-अधिक शून्यावर आणलं. सेन्सरच्या जागी सरांनी आपली विरोधाची पेटी जोडली, जिच्यावर हवा तो ओहम लावता येतो. शंभर ओहम लावले, मॉड्यूलने शून्य दाखवलं. एकशे साडेअडतीस लावले, शंभर दाखवलं. मग खरा सेन्सर जोडून बर्फाच्या पाण्यात बुडवला. शून्य. मी टाळी वाजवली. सर म्हणाले, "थांब. पेटी बरोबर झाली. माणसं अजून आठनेच चुकतायत."

शनिवारी सकाळी सरांनी मागच्या शेडमध्ये स्टोव्हवर पातेलं ठेवायला लावलं. शेठ, मास्टर, दोन्ही पाळ्यांचे पॅनेलवाले, मशीनवाले, सगळे जमले. सेन्सर उकळत्या पाण्यात सोडला. एकेकाने आधी पातेल्यात बघायचं, मग पुढच्या शेडमध्ये येऊन आकडा मोठ्याने वाचायचा. लग्नात आहेर द्यायला रांग लागते तशी रांग. पॅनेलवाला म्हणाला, "सौ." सरांनी विचारलं, "कितना छोड़ना है?" तो डोकं खाजवत म्हणाला, "कुछ नहीं?" "कुछ नहीं." पुढचा. मास्टर आले. लाल आकड्यांत शंभर बघितलं आणि तोंडातून सवयीने गेलं, "बानवे." शंभरातून आठ गेले, ब्याण्णव.

कोणी हसलं नाही. मास्टरांच्याच लक्षात आलं. त्यांनी शेठकडे बघितलं, जणू आणखी एक चूक पकडली गेली.

तेवढ्यात मी बोललो. कसा बोललो देव जाणे. सर खांद्याला खांदा लावून उभे होते. उणे आठ मी घातले, कोणाला सांगितलं नाही, लॉट माझ्यामुळे गेले, नंतर गुपचूप काढले तेही मीच, मास्टरांचा हात होता तसाच आहे. सगळं सांगितलं. शेठचा चेहरा लालबुंद. ते मला काही बोलणार, तोच सर पुढे झाले.

"शेठ, थांबा. याची चूक दुसरी. पहिली कोणाची ते मास्टरांना माहीत आहे." आणि मास्टरांकडे वळून म्हणाले, "मास्टर, आठ सोडून वाचायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

मास्टरांनी हात जोडले. "रहने दीजिए, साहब।"

"नाही. सांगा."

म्हाताऱ्याने मान हलवली. मग सरच म्हणाले, "मी सांगितलं होतं. दहा वर्षांपूर्वी इथे मीटर बसवले तेव्हा तीन तारांची केबल कमी पडली. मी मास्टरांना म्हटलं, सध्या आठ सोडून वाचा, महिन्याभरात येऊन वायर बदलतो. आणि मी विसरलो. परत आलोच नाही."

मला कळेना कुठे बघावं. मास्टरांना आठवडाभर शेठनी वाट्टेल ते ऐकवलं, घरी जा म्हणून सांगितलं, तरी 'हे कर्णिकसाहेबांनी सांगितलेलं' असं या माणसाने एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

सर मास्टरांसमोर गेले, त्यांचे जोडलेले निळे हात आपल्या हातांत घेतले आणि म्हणाले, "माफ करा, मास्टर."

मास्टर म्हणाले, "साहब, माफी काहे की? आपने कहा था, आठ छोड़ना, मैं आऊँगा। तो मैं छोड़ता रहा। दस साल हो गए। आज आप आ गए।"

सरांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी तर हमसून रडलो, लाज कसली त्यात!

शेठ तसे फटकळ, पण मनाचे वाईट नव्हेत. त्यांनी सगळ्यांसमोर मास्टरांची माफी मागितली. मास्टर पुढे तीन वर्षं होते आणि स्वतःच्या मर्जीने, हार घालून घेऊन गावी गेले. माझी नोकरी राहिली ती मास्टरांनी शेठना सांगितलं म्हणून: "लड़के ने सच बोल दिया, सेठजी। अब वो दोबारा नहीं छोड़ेगा।"

सरांनी मात्र स्वतःला सोडलं नाही. त्या शनिवारनंतर त्यांनी जुन्या डायऱ्या काढल्या आणि जिथे जिथे 'तात्पुरतं' असं लिहिलं होतं त्या सगळ्या जागांची यादी केली. वर्षभर दर शुक्रवारी आम्ही स्कूटरवरून फिरलो. पडघ्याची एक बर्फाची फॅक्टरी, कुठलीशी गोडाउनं, सायझिंग, डाइंग. काही ठिकाणी कारखानाच उरला नव्हता, तिथे सर दोन मिनिटं उभे राहायचे, यादीत खूण करायचे आणि म्हणायचे, "चल." लोक विचारायचे, "साहेब, आम्ही तर तक्रारही केली नव्हती?" सर म्हणायचे, "म्हणूनच आलो."

आज भिवंडीत आमच्यासारखे वीस-पंचवीस जण मीटर, मॉड्यूल बसवून पोट भरतात, ते सरांच्या त्या खोलीतून बाहेर पडलेले आहेत. आमच्यातला कोणी काम पुरं करून निघाला की काय केलं आणि काय राहिलं याची चिठ्ठी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवतो, आणि तिथल्या प्रत्येक माणसाला उकळतं पाणी दाखवून आकडा वाचायला लावतो. लोक हसतात. हसू देत.

हा प्रसंग लिहू का, असं विचारल्यावर सर काय म्हणाले ते सांगायचं राहिलं. मला वाटलं, षष्ट्यब्दीच्या ग्रंथात स्वतःची चूक छापायला कोण हो म्हणेल? सर म्हणाले, "लिही. पण माझी चूक थोडी कमी करून लिहू नकोस. आणि मास्टरांचं नाव गाळू नकोस."

रामसमुझ मास्टर दरवर्षी गावाहून सरांना एक पत्र पाठवतात, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. यंदाचं पत्र सरांनी मला वाचायला दिलं. खाली आशीर्वाद होता: साहेब, तुम्ही शंभर वर्षं जगा. आशीर्वाद देताना माणसं शंभर म्हणतातच, ऐकणाराही त्यातले थोडे मनातल्या मनात कमी करतो. पण मास्टरांनी पुढे आणखी एक ओळ घालायला लावली होती, आणि सरांच्या साऱ्या शिष्यांच्या वतीने, वहिनींच्या साक्षीने, हात जोडून माझीही सरांसाठी तीच प्रार्थना आहे:

"सौ मतलब सौ, साहब। कुछ छोड़ना नहीं है।"